शुक्रवारची भुतं

मला भुताचे वाईट सिनेमे आवडतात. चांगले नव्हे, वाईट. ज्यांत कबरीतून वर येणारा हात रबराचा असतो आणि मनगटापाशी त्याची शिवण दिसते, वटवाघूळ दोऱ्याला बांधलेलं असतं आणि हडळ नखांना ताजा रंग लावून आलेली असते, असे. हे सरळ लिहून टाकते, कारण या आवडीवरून एके काळी मला फार ऐकून घ्यावं लागलं आहे. तेव्हाही मी ती सोडली नव्हती.

लग्न होऊन मी सांगलीहून बहरीनला गेले ती नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. आखातातलं युद्ध संपून थोडेच दिवस झाले होते. नवरा इंजिनिअर. गुदैबिया नावाच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं किराण्याचं दुकान, आणि त्याला लागून एक व्हिडिओ लायब्ररी. मी झूलॉजी घेऊन बी.एस्सी. केलेलं, सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केलेली. इथे माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे नोकरी करायची सोय नव्हती. नवरा सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि खिडकीतला घरघरणारा एसी.

वरच्या मजल्यावर श्रीवर्धनच्या एक बाई राहायच्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगानं उंच, आवाज खणखणीत. त्यांचा नवरा एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे कारकून होता. मूलबाळ नव्हतं. सगळी बिल्डिंग त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. कोल्ड स्टोअरमध्ये मी एकदा स्वतःशीच ‘कोथिंबीर कुठे ठेवलीय याने’ असं पुटपुटले, तर मागून आवाज आला, “अगो, तू मराठी? मग येवडे दिवस गप कशाला ऱ्हायलीस?”

त्या आठवड्यातच त्या घरी आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी टीव्हीखालच्या व्ही.सी.आर.कडे बोट केलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “ह्यावर भुताचा पिक्चर लागंल काय? आमचे हे घरात आणू देत नाय.”

मला हसूच फुटलं. शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी लपूनछपून असे सिनेमे पाहिल्यावर रात्री मोरीत जायला मी आईला उठवायचे, तरी पुन्हा पाहायचे. मी म्हटलं, “खाला, शुक्रवारी या.”

शुक्रवार सुट्टीचा. खालांचे यजमान नमाजाहून येऊन, जेवून झोपले, की खाला वाटीभर काहीतरी झाकून खाली यायच्या. माझा नवरा आत झोपलेला असायचा. त्याला भुतांचं भयंकर वावडं. आम्ही पडदे ओढायचो आणि कॅसेट लावायचो. तिथल्या सेन्सॉरची कात्री चुंबनांवर चालायची, मुंडक्यांवर चालायची नाही. त्यामुळे नायक-नायिका जवळ आले की चित्र एकदम उडी मारून पुढे जायचं, पण कुऱ्हाड पडायची ती व्यवस्थित पडायची. खाला प्रत्येक भुताची झडती घ्यायच्या. “ही कसली हडळ? पाय सरळ हायत हिचे.” नाहीतर, “आमच्या गावचा खवीस बगितला आसता तर ह्याची पाटलून पिवळी झाली आसती.” खलास, मग पुढची दहा मिनिटं दोघींनाही सिनेमा दिसायचा नाही, इतकं हसू यायचं.

ऑक्टोबरच्या अखेरीला इंग्रजी चॅनेलवर भुतांचा हंगामच यायचा. भुताच्या जुन्या मालिका, काळेपांढरे सिनेमे, ओळीनं. लायब्ररीवाला मल्याळी होता. त्याच्याकडे अमेरिकन कुटुंबं यायची, म्हणून तो दारात कागदाचा भोपळा टांगायचा. मी खालांना सांगितलं, “हॅलोवीन आहे त्यांचा. आपली सर्वपित्री अमावास्या असते ना, तसं काहीतरी.”

“मग पितरांना जेवाण वाढतात?”

“चॉकलेटं वाढतात. पोरांना.”

“बरी सोय हाय,” खाला म्हणाल्या.

त्या पहिल्या ऑक्टोबरात मला दिवस गेलेले होते. तिसरा महिना. खाला यायच्या त्या माझ्यासाठी आंबटगोड काहीतरी घेऊन यायच्या, आणि आम्ही त्या हंगामातलं एकही भूत सोडलं नाही. मी आनंदात होते. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी मला असं पटवायचा प्रयत्न केला की मी तेव्हा घाबरलेली होते.

नोव्हेंबरात एका सकाळी मी ओट्यापाशी पोहे भिजवत होते आणि पोटात कळ आली. सिनेमा नाही, भूत नाही, लख्ख ऊन पडलेलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर बहरीनी बाई होत्या. त्यांनी माझ्या खाटेच्या कडेला बसून, नवऱ्यासमोर, स्वच्छ सांगितलं: तू काही केलंस म्हणून हे झालं नाही, तू वेगळं काही केलं असतंस तरी हे टळलं नसतं. गर्भ नीट रुजला नव्हता. असं पुष्कळजणींचं होतं. मी लॅबमध्ये काम केलेलं होतं, मला ते समजत होतं. समजत होतं म्हणजे सोसवत होतं असं नाही.

घरी आल्यावर दोनतीन दिवसांत महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू भेटायला आल्या. काकांचा बँकेत मोठा हुद्दा, बुदैयाच्या रस्त्यावर व्हिला. मंडळातल्या सगळ्या लेकीसुनांना सल्ला द्यायचं काम त्यांच्याकडे आपोआप आलेलं होतं. त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणली होती, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग टीव्हीवर ठेवलेल्या कॅसेटी पाहिल्या.

“अशा दिवसांत हे पाहत होतीस तू?”

मी खिचडीचा डबा उघडू लागले.

“अगं, या दिवसांत चांगलं पाहावं, चांगलं ऐकावं. पोटातल्या जिवाला कळतं सगळं. आता झालं ते झालं, पण पुढच्या वेळी तरी शहाणी हो.”

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण ‘पुढच्या वेळी शहाणी हो’ म्हणजे या वेळी मूल माझ्यामुळे गेलं, एवढा हिशेब मला कळत होता. चार दिवसांत तो सांगलीलाही पोचला. सासूबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. रडता रडता म्हणाल्या, “असलं कशाला पाहायचं गं बाई?” मी रिसीव्हर नवऱ्याकडे दिला.

त्यानं काय केलं? दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले तर त्यानं व्ही.सी.आर.च्या वायरी काढल्या होत्या आणि चादरीत गुंडाळून ते मशीन कपाटावर चढवून ठेवलं होतं.

“तुम्हालाही असंच वाटतं?” मी विचारलं.

“मला काही वाटत नाही. पण सगळे म्हणतात तर...”

“डॉक्टर काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं. खलास, आता हा विषय नको.”

काकूंचं बोलणं मी सहन केलं, सासूबाईंचंही केलं. पण चादरीत गुंडाळलेल्या त्या मशीनकडे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं डॉक्टरांचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्यानंच शिक्षा दिली होती. मी त्याच्याशी कामापुरतं बोलू लागले.

खालाही येईनात. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या शुक्रवारी मीच वर गेले. खालांनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. नेहमीच्या खणखणीत बाई, त्या दिवशी त्यांना माझ्याकडे बघवेना.

“लोक बोलतात,” त्या म्हणाल्या. “माज्या नादानं तू बगायला लागलीस म्हून. तुला तरास नको.”

“खाला, तुम्हाला तसं वाटतं का?”

त्यांनी मला आत घेतलं. बसवलं. मग त्या म्हणाल्या, “माजी दोन गेली. श्रीवर्धनला. एक असंच तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्यात. आमच्या वाडीत तवा लाईट पन नव्हती. मग मी कंचा पिक्चर बगितला होता?”

“तुमच्या सासरी काय म्हणाले?” मी विचारलं.

“माजी सासू म्हनाली, तू तिन्हीसांजेला चिंचेखालनं गेलीस. चिंच आमच्या आंगनात होती, मी जाऊ कुटनं? मग त्यांनी ती चिंच तोडली. मोटी चिंच होती, अख्खी वाडी तिच्या चिंचा खायची. दुसरा गेला तवा चिंच नव्हती, मग म्हनले हिच्यावरच कायतरी हाय. चिंचेनं काय केलेलं, सांग मना?”

हॉस्पिटलातून आल्यापासून मी रडले नव्हते. ज्याला त्याला तोंड देता देता, मनातल्या मनात प्रत्येकाशी वाद घालता घालता, ज्याच्यासाठी रडायचं ते बाजूलाच राहून गेलं होतं. त्या दुपारी खालांच्या मांडीवर डोकं ठेवून मी पोटभर रडले. खालाही रडल्या. त्यांच्याकडे वीसपंचवीस वर्षांचं साठलेलं होतं.

खाली आले आणि स्टूल घेऊन कपाटावरचं मशीन काढू लागले. नवरा धावत आला. “अगं, जड आहे ते, पडशील!”

“मग तुम्ही काढा.”

मी स्टुलावरून उतरले नाही. शेवटी त्यानंच ते उतरवून टीव्हीखाली ठेवलं आणि वायरी जोडल्या. मी म्हटलं, “मला तुमची परवानगी नको होती. तुम्ही माझ्या बाजूनं आहात की नाही, एवढंच बघायचं होतं.” पुढच्या शुक्रवारी खाला आल्या तेव्हा दार त्यानं उघडलं आणि म्हणाला, “या खाला, बसा.”

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. या वेळी सासूबाई आम्हाला मदत करायला आल्या. आल्या त्या बरणीभर लोणची, डिंकाचे लाडू आणि सूचना घेऊन. सूचना सगळ्या मी पाळल्या. लाडू खाल्ले, जड उचललं नाही, पाय वर करून बसले. फक्त शुक्रवार मी सोडला नाही.

“माझ्यासमोर नको,” सासूबाई म्हणायच्या.

“मग तुम्ही आत बसा, आई,” मी म्हणायचे.

असं मी आयुष्यात कधी कुणा वडीलधाऱ्या माणसाला बोलले नव्हते. त्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या, भांडी जरा जोरात आपटायच्या. सिनेमा संपला की खाला आत जाऊन त्यांच्याशी बोलत बसायच्या, गुडघेदुखीवर, कोकमावर. सांगली आणि श्रीवर्धनचं जमत होतं, माझं आणि सासूबाईंचं जमत नव्हतं.

सातवा लागला तो नेमका ऑक्टोबर. काकूंचा फोन आला: डोहाळजेवण आपण करू, व्हिलाच्या बागेत, झोपाळा बांधू. मी म्हटलं, घरीच करते, छोटंसं, शुक्रवारी. मग त्यांनी कोणाकोणाला बोलावणार ते विचारलं. मी नावं घेतली.

“वरच्या त्या बाईंना नको हं,” काकू म्हणाल्या. “आपल्यातल्या नाहीत म्हणून नव्हे. पण मूलबाळ नाही त्यांना, आणि मागच्या वेळी काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. ओटी भरायच्या वेळी अशा बाईची नजर नको.”

“काकू, त्या नसतील तर डोहाळजेवणच नको,” म्हटलं आणि फोन ठेवला. सासूबाईंना सांगितलं की कार्यक्रम रद्द, सगळ्यांना तसं कळवा. त्यांनी कपाळाला हात लावला, दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं.

शुक्रवार आला. इंग्रजी चॅनेलवर हॅलोवीनचा आठवडा चालू होता, दुपारी लांडगामाणसाचा एक जुनाट सिनेमा होता. खाला आल्या, माझ्या शेजारी सोफ्यावर बसल्या. सासूबाई सकाळपासून स्वयंपाकघरात होत्या आणि घरभर नारळीभाताचा वास सुटला होता. मला वाटलं, रागानं रांधतायत. तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू आणि मंडळातल्या आणखी दोघी, हातात फुलांची वाडी, फळं, खण. सासूबाईंनी माझा निरोप कुणाला दिलाच नव्हता, उलट काकूंना स्वतः फोन करून बोलावलं होतं.

काकू आत आल्या. त्यांनी आधी खालांकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. तिथे एका माणसाच्या गालावर भराभर केस उगवत होते.

“आधी ते बंद कर,” काकू म्हणाल्या.

“नाही,” मी म्हणाले.

खाला उठायला लागल्या, “मी जाते वर.” मी त्यांचा हात घट्ट धरला. “बसा खाला. हे माझं घर आहे. माझ्या घरी कोण बसेल ते मी ठरवणार.”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच...”

“माझ्या भल्यासाठी तुम्ही मला माझ्याच मुलाची मारेकरी केलंत, काकू. ते पुरे झालं.”

हे बोलताना माझा आवाज चढला नव्हता. सिनेमातला लांडगा मात्र तेवढ्यात ओरडला. नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला होता. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, एक खुर्ची ओढली आणि टीव्हीसमोर बसला. भुताच्या सिनेमातलं नुसतं संगीत ऐकून कानात बोटं घालणारा माणूस. “बसा ना काकू,” तो म्हणाला. “अर्धा झालाय, पण काही बिघडत नाही.”

तेवढ्यात सासूबाई तांदूळ आणि नारळाचं ताट घेऊन आल्या. नऊवारी नेसलेल्या, केसांत फूल. त्यांनी मोजणी सुरू केली. “पाच सवाष्णी हव्यात. एक, दोन, तीन, मी चौथी.” आणि ताट खालांपुढे धरलं. “पाचव्या तुम्ही.”

“अहो, पण त्या...” काकू म्हणाल्या.

“काय त्या? कुंकू लावत नसतील. नवरा आहे ना धडधाकट? वर झोपलाय. मग सवाष्णच.” मग माझ्याकडे वळून, “आणि तू ते बंद कर गं.”

“आवाज बंद करते,” मी म्हणाले. “चित्र नाही.”

सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मीही पाहिलं. “बरं,” त्या म्हणाल्या.

अशी माझी ओटी भरली गेली. टीव्हीवर लांडगामाणूस आवाज न करता गावभर पळत होता आणि खाला ओंजळीनं माझ्या पदरात तांदूळ घालत होत्या. त्यांची ओंजळ इतकी भरलेली होती की निम्मे तांदूळ सोफ्यावर सांडले. काकूंनीही ओटी भरली, ओठ घट्ट मिटून. जेवायला मात्र थांबल्या नाहीत. बाकीच्या दोघी थांबल्या, आणि नारळीभात खाता खाता त्यातल्या एकीनं हळूच विचारलं, “तो शेवटी मरतो का गं?”

जानेवारीत मुलगी झाली. सुखरूप, किंचाळणारी, डोकंभर जावळ असलेली. बारशाला काकू आल्या. आल्याच त्या, हे मी मानते. मुलीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, “बघ, देवाची कृपा. तू काय काय पाहिलंस, तरी पोर नीट झाली.”

सगळे हसले. मला हसून सोडून देता आलं असतं. ओली बाळंतीण, घरात पाहुणे. पण मी म्हणाले, “काकू, मी पाहिलं म्हणून ती नीट झाली नाही. आणि मी पाहिलं म्हणून आधीचं गेलं नाही. तेही माझंच मूल होतं. त्याच्या जाण्याला कुणाचा दोष चिकटवायचा नाही, माझाही नाही, खालांचाही नाही.”

आधीच्या बाळाबद्दल त्या घरात, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच कुणी बोललं होतं. काकू “दुपटं ओलं झालंय,” म्हणाल्या आणि तिला माझ्याकडे दिलं. पुढे मंडळाच्या गणपतीत भेटलो की त्या हसायच्या, मीही हसायचे. घरी मात्र त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि मीही बोलवायला गेले नाही.

सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता. जायच्या आधीच्या शुक्रवारी त्या पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसल्या, मुलीला पायांवर घेऊन, टीव्हीकडे पाठ करून. सगळा सिनेमाभर त्या तशाच बसल्या. मधेच खालांनी विचारलं, “भाबी, वळा की हिकडं, चांगला भाग हाय.”

“मला नाही आवडत,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही बघा.”